आलेखातला सहा दहाचा दात

शनिवार, १८ मे २०१९, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी माझा फोन वाजला. क्रमांक यादगिरीचा होता; आवाज त्याचा नव्हता.

"साहेब, मी बोलतोय. थाळी दीड वितीवर गेली. दोन दिवस ढग आहेत, वारं नाही. मासे आज काढून घ्यायला पाहिजेत. यादगिरीला जाळी टाक म्हणून सांगू का?"

पंतुलू मला कधी फोन करीत नसत. मी समोरच्या पडद्यावर पाहिले. तलावातील यंत्र पाण्यातला प्राणवायू ५.८ दाखवीत होते. हा आकडा चारच्या खाली उतरला तर काळजी करावी, दोनच्या खाली उतरला तर मासे मरतात. ५.८ हा निर्धास्त आकडा होता.

"गरज नाही," मी म्हणालो. "आकडा चांगला आहे."

"आकडा जावईबुवांचा ना?"

"यंत्राचा."

"हौ. तेच. यादगिरीला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे."

यादगिरी हा तलावावरील मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. त्याने फोन घेतला.

"सार, पंतुलू बोलरै, मछली मर जाती बोलके. अब्बी निकाले तो वजन आधा बी नै आता. आप बोले तो निकालते. खाली पंतुलू बोले बोलके निकाला तो सोसायटीवाले मेरी जान खाते."

त्याची अडचण खरी होती. मागल्या पावसाळ्यात सोडलेले मासे जूनच्या मध्याला भरायचे होते. चाळीसएक घरांचे वर्ष त्या माशांवर होते. आज काढले तर अर्धे वर्ष गेले. न काढता मेले तर सगळे गेले. निर्णयाचा शब्द माझा होता, कारण यंत्र माझ्या ताब्यात होते.

"मी येईपर्यंत थांबा," मी सांगितले.

नंतर मी आंघोळ केली, दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि तारनाक्याच्या घरून निघालो. दाढी केली, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

पंतुलूंचे खरे नाव मात्र लिहीत नाही. आपले नाव छापलेले पाहणे त्यांना आवडले नसते. निवृत्तीच्या समारंभाचे निमंत्रणही त्यांनी 'यात माझे काम काय?' असे विचारून परत केले होते. तलावावर त्यांना सगळे पंतुलू म्हणत. शिकलेल्या ब्राह्मणाला तेलुगूत तसे म्हणतात. त्यांचे मराठी घराणे चिक्कडपल्लीतले, चार पिढ्या सरकारी नोकरीतले. स्वतः ते पाण्याची पातळी वाचण्याच्या कामावर होते. बांधावरच्या दगडी पट्टीवरील रेघ रोज वाचायची आणि वहीत लिहायची, एवढेच ते काम. निवृत्त झाल्यावरही ते अकरा वर्षे रोज पहिल्या बसने तलावावर येत राहिले. कोणी बोलावले नव्हते. कोणी अडवलेही नाही.

मला निवृत्तीनंतर एका प्रकल्पावर दोन वर्षांसाठी बोलावले गेले, तेव्हा त्यांची ओळख झाली. किनाऱ्यापासून साठ पावलांवर एक पिवळा, तरंगता बोया नांगरायचा होता. त्याच्या डोक्यावर वारा, ऊन आणि हवेचे तापमान मोजणारी उपकरणे. पोटाखाली, पाण्यात हातभर खोल, पाण्याची तब्येत मोजणारा सेन्सर. दर पाच मिनिटांनी आकडे थेट माझ्या पडद्यावर. बोयावर लक्ष ठेवायला स्थानिक माणूस हवा होता. यादगिरी म्हणाला, पंतुलूंना विचारा. मी विचारले. त्यांनी बोयाला नावेतून तीन फेऱ्या मारल्या, सगळीकडून पाहिले आणि होकार दिला.

"परदेशातून आले आहेत," ते म्हणाले. "पोट मोठं, अंग पिवळं. पाण्यात बसून राहतात, हाताने काही करत नाहीत, आणि सगळ्यांनी यांची सरबराई करायची. साहेब, हे तर जावईबुवा आहेत."

आठवड्याच्या आत सगळा तलाव बोयाला अल्लुडू म्हणू लागला. तेलुगूत जावयाला अल्लुडू म्हणतात. कार्यालयाच्या एका पत्रातही तो शब्द शिरला होता; मी तो खोडला.

त्यांचे स्वतःचे उपकरण एक स्टीलची थाळी होते. एका बाजूला पांढरा रंग दिलेला, मधोमध भोक, भोकातून दोरी, दोरीला दर वितीवर गाठ. थाळी पाण्यात सोडायची. ती दिसेनाशी होईल त्या गाठीवर थांबायचे. चार वितींवर गेली तर पाणी ठीक. दोनच्या आत गेली तर पाणी शेवाळ्याने दाटलेले. शास्त्रज्ञही हेच करतात, फक्त त्यांची तबकडी विकत घेतलेली असते. दोरी त्यांनी अफझलगंजच्या एका दुकानातून आणली होती. त्यासाठी आधी वीतभर तुकडा मागून घेतला, घरी भिजवला, वाळवला, पुन्हा मोजला आणि आटत नाही अशी खात्री झाल्यावर चौथ्या दिवशी खरेदी केली. दुकानदाराने विचारले होते, "पंडितजी, कुएँ में उतरना है क्या?" त्यांनी उत्तर दिले, "मेरेकू नै, थालीकू."

थाळीच्या काठावर त्यांच्या पत्नीचे नाव कोरलेले होते. एकदा वह्या पाहायला मी चिक्कडपल्लीला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा वहिनींनी माझ्याकडे तक्रार केली.

"ही थाळी माझ्या माहेरची. नाव माझं. रोज सकाळी मला तळ्यात बुडवून येतात, आणि वर विचारतात, चहा झाला का."

"बुडवतो तसा वरही काढतो," ते वहीतून डोके न काढता म्हणाले.

वह्या नीट होत्या. अक्षर टपोरे. स्तंभ त्यांनी स्वतः आखलेले. हवामानाच्या स्तंभात मात्र मला 'म्हशी : पूर्वेकडे पाठ', 'म्हशी : पाण्यात नऊ, काठावर चार' अशा नोंदी सापडल्या.

"म्हैस हे उपकरण नाही," मी म्हणालो.

"हौ साहेब. मगर तिला बॅटरी लागत नाही."

त्यांचे एक वाक्य तलावावर सर्वांना पाठ होते. कोणी 'मला वाटतं' म्हणून बोलायला लागले की ते हात वर करून म्हणत, "वाटलं ते घरी ठेवा. पाहिलं ते सांगा." मच्छीमारांच्या जेवणात ते दहीभाताचा डबा घेऊन बसत. माशाला त्यांनी उभ्या जन्मात तोंड लावले नव्हते. यादगिरीची थोरली बहीण लक्ष्मम्मा एकदा म्हणाली, न खाणाऱ्याला माशातले काय कळते? ते म्हणाले, "मी खात नाही म्हणून तर मासे माझ्यापासून काही लपवत नाहीत."

बोया बसल्याच्या पहिल्या आठवड्यापासून माझ्या आलेखात एक दोष होता. रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पाण्याच्या सगळ्या रेघा एकदम उसळत आणि पाच-दहा मिनिटांनी जागेवर येत. दिवसभराची रेघ गुळगुळीत आणि सहा दहाला एक दात. मी यंत्र पुरवणाऱ्या कंपनीला तीन पत्रे लिहिली. त्यांनी बॅटरी बदलली, मग केबल बदलली, मग सूर्योदयाचा परिणाम असावा असे कळवले. सूर्य रोज सहा दहालाच उगवत नाही, असे मी उलट कळवले. शेवटी एका सकाळी स्वतः गेलो.

सहा वाजून दहा मिनिटांनी पंतुलू यादगिरीच्या नावेत बोयाशेजारी बसले होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बुटांच्या नाड्या एकत्र बांधून बूट गळ्यात अडकवलेले. सेन्सर पाण्याबाहेर काढून त्यांनी मांडीवर घेतला होता आणि मऊ दातांच्या ब्रशने ते तो घासत होते.

मी काठावरून ओरडून विचारले, "काय चालले आहे?"

"जावईबुवांचे दात घासतोय, साहेब."

"कोणी सांगितले?"

"कोण सांगणार? दोन दिवस घासले नाहीत तर तिसऱ्या दिवसापासून खोटं बोलतात."

ते काठावर आले तेव्हा मी त्यांना पुस्तिका दाखवली. सेन्सरची स्वच्छता पंधरा दिवसांतून एकदा, अधिकृत तंत्रज्ञाकडून, असे तिच्यात स्पष्ट छापले होते.

त्यांनी चष्मा लावून ते पान वाचले. "ही पुस्तिका थंड गावची आहे. आपल्या चेरुवूत, या तळ्यात, अर्ध्या शहराचं सांडपाणी येतं. इथे शेवाळं पंधरा दिवस वाट पाहत नाही."

"तुमच्यामुळे सात महिने माझा आलेख बिघडला आहे."

"आलेख बिघडला असेल. आकडा नाही बिघडला."

यावर मी वाद घातला नाही. कार्यालयात येऊन लेखी आदेश काढला : अधिकृत तंत्रज्ञाखेरीज कोणीही सेन्सरला हात लावू नये. त्यांनी तो उभ्याउभ्या वाचला आणि खाली टपोऱ्या अक्षरांत मराठीत लिहिले : 'वाचले. मान्य नाही. पाळतो.' मग तारीख, वेळ आणि सही.

दुसऱ्या दिवसापासून दात गेला. इतकी सरळ, स्वच्छ रेघ मी त्या पडद्यावर पूर्वी पाहिली नव्हती. मी तिची प्रत काढून बैठकीत दाखवली. बैठकीत समाधान व्यक्त झाले. मीही समाधानी होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

ती त्या शनिवारच्या अकरा दिवस आधीची गोष्ट. बाराव्या सकाळी मी दाढी करून तलावावर पोहोचलो तेव्हा सव्वानऊ झाले होते.

पाणी हिरवट आणि जड दिसत होते. त्यावर एक लाट नव्हती. सोसायटीची माणसे जाळ्यांशेजारी उकिडवी बसली होती. म्हशी काठावर उभ्या होत्या. एकही पाण्यात नव्हती. पंतुलू बांधाच्या पायरीवर थाळी मांडीवर घेऊन बसले होते. मला पाहून उठले.

"सेन्सर उचलून पाहिलात का?" मी विचारले.

"हुकूम नाही."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपे गेले असते.

आम्ही नावेत बसलो. वल्ही यादगिरीने घेतली. बोयाजवळ गेल्यावर मी स्वतः केबल ओढून सेन्सर वर काढला. त्यावर बोटभर जाडीचे, लोकरीसारखे हिरवे शेवाळ होते. सेन्सरची काच कुठेच दिसत नव्हती. मला समजायला अर्धे मिनिट लागले. हिरवे शेवाळ उजेडात प्राणवायू सोडते, अंधारात ओढून घेते; ढगांमुळे तलावाची ती तूट भरून निघत नव्हती. सकाळी उजेड झाला की आमचे यंत्र तलावातला प्राणवायू मोजत नव्हते. अंगावरच्या शेवाळ्याने सोडलेला मोजत होते. रात्रीचे आकडे घसरत चालले होते आणि ते माझ्याकडे येतही होते. पण अहवालात सकाळी आठचा आकडा जात असे, म्हणून मी आठचाच वाचत होतो.

"घासायला काही आहे का?"

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून ब्रश काढून दिला. अकरा दिवस तो त्यांच्या खिशात होता.

मी घासू लागलो. ते पाहत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "जरा हल्लू. काचेवर ओरखडा पडतो. गोल फिरवा." मी गोल फिरवला. सेन्सर परत पाण्यात सोडला आणि दोन नोंदींइतका, म्हणजे दहा मिनिटे, फोनकडे पाहत बसलो. एवढ्यात नावेजवळ पहिला मासा वर आला. त्याने पाण्याबाहेर तोंड काढून उघडले, मिटले, पुन्हा उघडले. मग दुसरा. मग पन्नासेक हातांपर्यंत सगळीकडे तोंडेच तोंडे दिसू लागली. त्यांचा चुळचुळ असा बारीक आवाज येत होता.

फोनवर १.४ उमटले.

"यादगिरी," मी म्हणालो, "जाळी टाका. सगळी."

तो नावेत उभा राहून तेलुगूत ओरडला. काठावरची माणसे अशी उठली की ती फक्त त्या एका शब्दासाठी बसली होती हे कोणालाही कळावे. आणि ते खरेच होते.

दुपारी चारपर्यंत सहा नावा फिरत होत्या. काठावर बायका जिवंत मासे पिंपांत भरत होत्या, बाकीचे बर्फावर टाकत होत्या. बर्फ कमी पडला तेव्हा तो आणायला पंतुलू स्वतः टेम्पोत पुढे बसून गेले आणि लाद्यांवर गोणपाट दाबत मागे बसून आले. अंगाला माशांचे पाणी लागले होते. ते त्यांनी पुसले नाही. निम्म्याहून थोडे अधिक मासे हाती लागले. ते अर्ध्या वाढीचे होते, तरी विकले जाणारे होते. बाकीचे तलावातच मेले आणि पांढऱ्या पोटांनी पूर्वेच्या काठाला लागले.

सात चाळीसला जाळी पडली असती तर किती वाचले असते, हे मी यादगिरीला विचारले. तो म्हणाला, "सार, वो नक्को पूछो." सव्वानऊपर्यंतचा तो वेळ माझा होता. दुसऱ्या कोणाचा नव्हता.

लक्ष्मम्मा मासे निवडता निवडता बोयाकडे हात करून मोठ्याने म्हणाली, "अल्लुडू अबद्धम चेप्पिंडु!"

"जावई खोटं बोलला, म्हणते ती," पंतुलूंनी मला सांगितले. मग तिच्याकडे वळून तेलुगूत काही म्हणाले. ती हसली नाही, पुन्हा मासे निवडू लागली.

"काय सांगितलेत तिला?"

"सांगितलं की खोटं नाही बोलला. त्याचं तोंड बांधलं होतं."

कोणी बांधले, हे त्यांनी तिला सांगितले नाही. तिनेही विचारले नाही.

त्यांच्या त्या आज्ञापालनाचा मी नंतर पुष्कळ विचार केला. बरेच दिवस मला तो हट्ट वाटत होता. क्वचित सूडही वाटला. आता तसे वाटत नाही. ते सात महिने सेन्सर घासत होते तेव्हाही लपून घासत नव्हते. मीच तलावावर सहाला कधी गेलो नव्हतो. उघड करीत आलेले काम चोरून करणे त्यांना जमणारे नव्हते. आणि ज्या माणसाने सदतीस वर्षे पट्टीवर दिसेल तीच रेघ वहीत लिहिली, त्याला आदेशातले एखादे अक्षर सोयीने कमीजास्त वाचता येत नाही. मी लिहिले तेवढेच त्यांनी वाचले. अकरा दिवस त्यांना काय होणार हे दिसत होते आणि ते ब्रश खिशात घेऊन येत होते. त्या अकरा दिवसांत त्यांनी मला का सांगितले नाही, असे मी एकदा विचारले. त्यांनी आठवण दिली : सांगितले होते. लेखी. दुसरे वाक्य 'मान्य नाही' असे होते.

पुढे मी नवा आदेश काढला : स्वच्छता एक दिवसाआड, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, पंतुलूंकडून. त्यावर त्यांनी 'वाचले. बरे.' असे लिहिले. आलेखात दात परत आला. बैठकीत कोणी त्याबद्दल विचारले तर यंत्र स्वच्छ असल्याची ती खूण आहे, असे मी सांगत असे. यादगिरीच्या सोसायटीने पुढच्या पावसात पुन्हा मासे सोडले. ते वर्ष मात्र त्यांना कष्टाचे गेले. पंतुलू आता नाहीत. वहिनींनी थाळी घरी ठेवून घेतली आहे आणि त्यांची तिच्याबद्दलची तक्रार अजून चालू आहे.

परंतु मला त्या शनिवारची संध्याकाळ सांगायची आहे.

मेलेले मासे त्याच दिवशी पाण्याबाहेर काढणे भाग होते. ते कुजले की उरलेला प्राणवायूही जातो. सोसायटीच्या माणसांनी बांधापलीकडे खड्डा खणला. टोपल्या येत राहिल्या. सूर्य खाली गेला तरी उकाडा तसाच होता. मी चुन्याच्या गोण्या मागवल्या होत्या, त्या आल्या.

"सार, आप जाओ," यादगिरी म्हणाला. "कपडे खराब होते. हम डालते."

मी गेलो नाही. माणसे थकून बांधावर बसली होती. खड्ड्याजवळ मी होतो आणि पंतुलू होते. खड्डा काठापर्यंत भरला होता. वर बहुतेक वीतभर लांबीचे मासे होते. त्यांना अजून एक महिना हवा होता.

"तुम्ही हुकूम मोडायला हवा होता," मी म्हणालो.

"हुकूम तुमचा होता, साहेब," ते म्हणाले. "मोडायचा तर तुम्हीच."

मी गोणीचे तोंड सोडले. फावडे घेतले आणि चुना पसरायला लागलो. मध्यापासून सुरुवात केली. ते बाजूला उभे राहून दुसऱ्या गोणीची शिवण उसवीत होते. दोन गोण्या संपल्या. सगळे पांढरे झाले असे मला वाटले, तेव्हा मी फावडे टेकवून उभा राहिलो.

ते खड्ड्याभोवती एक फेरी मारून आले.

"साहेब," ते म्हणाले, "कोपरे राहिले."

मी तिसरी गोणी उघडली आणि चारही कोपऱ्यांवर चुना टाकला.